नाक्यावरचा प्रश्न

माझे आजोबा निजामी अमदानीत करोडगिरीच्या नाक्यावर कारकून होते. करोडगिरी म्हणजे संस्थानच्या हद्दीतून येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर जकात बसवणारे खाते, आणि आजोबांचा नाका होता इंग्रजी मुलखाच्या सरहद्दीला लागून, बार्शीच्या अंगाला. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, यथावकाश ते खातेही अस्तंगत झाले, आणि त्या नोकरीची निशाणी म्हणून आमच्या घरात एक पितळी दौत व आजोबांची एक तक्रार, एवढेच काय ते उरले. ती तक्रार चोरट्या मालाविषयी नव्हती. सरळ दिसणाऱ्या मालाची पावती फाडावी आणि लबाड दिसणारा माल जप्त करावा, यात त्यांना कधी अडचण वाटली नाही; अडचण होई ती ज्या गाठोड्याविषयी काहीच निश्चयाने सांगता येत नसे त्याची, कारण त्याबाबत हुकूम देण्याचा अखत्यार ज्या अंमलदाराला, तो दोन मुक्काम पलीकडे, आणि त्याचा जबाब येईपर्यंत गाडी, गाडीवान, बैल आणि त्या बैलांच्या वैरणीची तजवीज करणारा कारकून अशी सारी मंडळी नाक्यावर तिष्ठत बसलेली.

ही तक्रार मला पुरती उमगली ती त्यांच्या पश्चात कितीतरी वर्षांनी, मी स्वतः एका निराळ्या नाक्याची व्यवस्था लावू लागलो तेव्हा. २००४ साली मी नांदेडात घरोघर जाऊन संगणक दुरुस्त करण्याचा व्यवसाय पत्करला. सायंकाळी एमएस-सीआयटीच्या वर्गात शिकवावे आणि सकाळी सायकलवर पेचकसांची पिशवी अडकवून शिवाजीनगर, तरोडा, सिडको अशी फेरी करावी, हा माझा क्रम. तो अभ्यासक्रम २००१ साली सुरू झाला होता, सरकारी नोकरांना त्याचे प्रमाणपत्र आवश्यक ठरले होते, आणि त्या निमित्ताने कारकून, शिक्षक, तलाठी अशा मंडळींच्या घरी, सोसायटीचे कर्ज काढून का होईना, एक संगणक येऊन पलंगाशेजारच्या टेबलावर, भरतकाम केलेल्या आच्छादनाखाली, देवासारखा विराजमान झाला होता. देव आजारी पडला की मला बोलावणे येई. ‘व्हायरस आलाय, फॉरमॅट मारून द्या,’ हे बोलावण्याचे ठरलेले शब्द. मग यंत्राला खरोखर विषाणूची बाधा झालेली असो, की पंख्यात नुसती धूळ अडकलेली असो.

विकतचा अँटिव्हायरस बहुतेकांना परवडत नसे, किंवा परवडत असूनही, न दिसणाऱ्या वस्तूसाठी दरसाल पैसे मोजणे त्यांना अप्रशस्त वाटे. पुण्याच्या क्विक हीलची खोकी दुकानांत मांडलेली असत आणि त्या नावाविषयी आमच्याकडे आत्मीयताही होती. साताऱ्याकडचे कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात गणकयंत्रे व रेडिओ दुरुस्त करीत, त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी विषाणू काढण्याचा कार्यक्रम लिहिला आणि त्यातून ही कंपनी उभी राहिली, ही हकिकत मी माझ्या विद्यार्थ्यांना मोठ्या अभिमानाने सांगत असे. या संदर्भात एक योगायोग मला नेहमी मौजेचा वाटत आला आहे: आयबीएमच्या पद्धतीच्या संगणकांवर पसरलेला पहिला विषाणू समजला जाणारा ‘ब्रेन’ १९८६ साली लिहिला तो लाहोरच्या दोन सख्ख्या भावांनी, आणि त्यात त्यांनी आपली नावे, पत्ता व टेलिफोन क्रमांकही नमूद करून ठेवला होता. रोग लिहिणारे दोघे भाऊ लाहोरचे आणि उतारा लिहिणारे दोघे भाऊ पुण्याचे. असो. विकतचे नको असेल त्याला विनामूल्य जे मिळे ते बहुधा युरोपातून येई. प्रागमध्ये १९८८ साली पावेल बाउदिश नावाच्या संशोधकाच्या हाती ‘व्हिएन्ना’ नावाचा विषाणू लागला, तो काढण्यासाठी त्याने जे लिहिले त्यातून अवास्ट जन्मास आला, आणि २००१ पासून त्याची घरगुती आवृत्ती फुकट मिळू लागली. एव्हीजी चेक देशातल्याच ब्रनो शहराचा, अविरा जर्मनीचा. गोदाकाठच्या गावातल्या तलाठ्याच्या संगणकावर बोहेमियातला पहारेकरी बिनपगारी उभा राहतो, याचे नवल तेव्हा मला एकट्यालाच वाटे, तलाठ्याला नव्हे.

फुकट असले तरी त्याची व्यवस्था लावणे हे फुकटचे काम नव्हते. अवास्टची त्या काळची आवृत्ती ६० दिवस चाले, तेवढ्यात ईमेलने नाव नोंदवून सनद मागवावी लागे, आणि ती सनद १४ महिन्यांनी संपली की पुन्हा अर्ज. निम्म्या घरांत ईमेलच नसल्यामुळे कित्येक कुटुंबांच्या सनदा माझ्याच पत्त्यावर येत आणि त्यांच्या मुदती मी शाळेच्या एका जुन्या हजेरीपत्रकात मांडून ठेवीत असे. त्याखेरीज विषाणूंच्या नोंदी नित्य ताज्या ठेवायच्या म्हटल्या, तर त्या उतरवून घ्यायला जाळे हवे. दूरसंचार निगमच्या काही योजनांत रात्री २ ते सकाळी ८ पर्यंत कितीही उतरवून घेण्याची मुभा असे, म्हणून मी अद्यतनाची वेळ मोठ्या चातुर्याने पहाटे ३ ची ठरवून दिली. परंतु भारनियमनाच्या त्या दिवसांत पहाटे ३ वाजता वीज असेल याची हमी कोण देणार, आणि वीज असली तरी आख्खी रात्र संगणक चालू ठेवायला कोणती गृहिणी तयार होणार? अखेरीस मीच माझ्या घरी ती फाइल उतरवून पेनड्राइव्हवर घेऊन हिंडू लागलो. ज्या वाहनाने रोग गावभर फिरत होता त्याच वाहनाने मी औषध नेत होतो, हे ध्यानात यायला मला दोन-तीन महिने लागले आणि चार घरे बिघडावी लागली. पुढे मी शोध करून एक जुन्या घडणीचा पेनड्राइव्ह मिळवला, त्याला बाजूला एक लहानशी कळ होती. ती सरकवली की त्यावर नवीन काही लिहिले जात नसे. तो मी अजून जपून ठेवला आहे.

पेनड्राइव्हाचा तो काळ ज्याने पाहिला नाही त्याला त्याची भीषणता सांगून कळणार नाही. झेरॉक्सच्या दुकानात प्रवेशअर्ज छापायला दिला की परत येताना पेनड्राइव्हमध्ये ‘न्यू फोल्डर’ नावाचे पिवळे पाकीट आलेले असे. ते पाकीट नसून पाकिटाचे सोंग घेतलेला कार्यक्रम आहे, हे ओळखायची खूण म्हणजे नावाच्या अंती असलेले ‘ईएक्सई’ हे शेपूट. आणि विंडोजची मुळातली योजनाच अशी की ओळखीची शेपटे लपवून ठेवावीत. २००८ च्या ऑक्टोबरात नांदेडला गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला, साऱ्या शहराचा कायापालट झाला, आणि सोहळ्याची छायाचित्रे पेनड्राइव्हवरून घरोघर फिरू लागली. छायाचित्रे पाहून झाली की आठवडाभरात मला बोलावणी. पेनड्राइव्ह खोचताक्षणी त्यातला कार्यक्रम आपोआप चालू व्हावा ही जी सोय विंडोजने ठेवली होती, तिचा लाभ माणसांपेक्षा विषाणूंनीच अधिक घेतला. मी प्रत्येक पेनड्राइव्हमध्ये ‘ऑटोरन.इन्फ’ याच नावाचे एक रिकामे पाकीट करून ठेवी, जेणेकरून विषाणूला त्या नावाची फाइल करता येऊ नये: रेल्वेच्या बाकावर रुमाल टाकून जागा धरावी तसा हा प्रकार, पण तो पुष्कळ दिवस चालला. माझ्या अनुभवात घरगुती संगणकाचे सर्वांत अधिक रक्षण ज्या एका मांडणीने केले ती अँटिव्हायरसमधली नव्हतीच: शेपटे दाखवा, ही ती मांडणी.

परंतु मला सांगायचे आहे ते प्रश्नाविषयी.

तरोड्यातल्या एका घरी मी अवास्ट बसवला. घरधनी जिल्हा परिषदेत, मुलगा बारावीत, आणि संगणकापाशी दिवसभर कोणी असेल तर त्या घरच्या काकू, ज्यांना मुलाने पत्त्यांचा डाव लावायला शिकवले होते. त्या आवृत्तीला वाचा होती. नोंदी ताज्या झाल्या की तो इंग्रजीत तसे बोलून सांगे, आणि विषाणू सापडला की भोंगा वाजवून सावधानतेचा इशारा देई. पहिल्या दिवशी तो बोलला तेव्हा काकूंनी ‘कोण हाय?’ म्हणून दार उघडून पाहिले होते. आवाज मी बंद करून दिला. प्रश्न मात्र बंद करता आला नाही. पंधरवड्याने मला त्यांचा फोन आला: ‘सर, ह्ये काय इचारायलंय बघा. मला वाचता येत नाही, पोरगा शिकवणीला गेलाय.’ मी फोनवर अक्षरे विचारली, त्यांनी एकेक अक्षराचा आकार वर्णन करून सांगितला, आणि बऱ्याच वेळाने मला कळले की एक कार्यक्रम जाळ्याशी संबंध जोडू पाहत आहे, त्यास परवानगी द्यावी की नाकारावी, असे ते यंत्र त्यांना विचारीत होते.

माझ्यापुढे आजोबांचा नाका उभा राहिला. संशयित गाठोडे आले आहे, पहारेकरी प्रामाणिक आहे, तो आपल्या अखत्याराबाहेर काही करू इच्छीत नाही म्हणून मालकाला विचारतो. पण जिला तो विचारतो तिला त्याची भाषा येत नाही, येत असती तरी त्या कार्यक्रमाचे नाव तिच्या दृष्टीने निरर्थक आहे, आणि तोवर पत्त्यांचा डाव अडून बसला आहे. अशा वेळी मनुष्य काय करतो? डाव पुढे सरकेल ते बटन दाबतो. काकूंनी त्याआधी आलेल्या साऱ्या प्रश्नांना तेच उत्तर दिले होते, हे त्यांनी मला नंतर सांगितले, आणि सांगताना त्यांना काही अपराध केल्यासारखे वाटत होते. अपराध त्यांचा नव्हता. घरोघरी ज्याला मी ‘सेटिंग’ म्हणत आलो ते मूलतः एवढेच होते की, कोणता प्रश्न यंत्राने कोणाला विचारावा आणि कोणता मुळीच विचारू नये, याचा निवाडा. आणि तो निवाडा मी, त्या घरात आठवड्यातून तासभरही नसलेला माणूस, चहाचा कप संपेपर्यंतच्या वेळात करून मोकळा होत होतो.

त्या दिवसानंतर मी सगळीकडे प्रश्न बंद करू लागलो. यंत्राने विचारू नये, परस्पर करून टाकावे. यातली घमेंड मला त्या वेळी दिसली नाही. ती दिसायला लातूरला जावे लागले.

२०१० च्या आरंभी मी लातूरला आलो. लोहा, अहमदपूर, चाकूर असे करीत एसटीने मी त्याआधीही येत असे, कारण लातूरच्या शिकवणीवर्गांमुळे तिथे संगणकाच्या कामाला तोटा नव्हता. खेड्यावरून मुलाला घेऊन आलेल्या आया एकेका खोलीत बिऱ्हाड थाटून राहत, आणि त्या खोलीत स्टोव्ह, पाण्याचा ड्रम व पुस्तकांची चळत यांच्या जोडीला कधीकधी जुना संगणकही असे. माझी हकिकत मात्र अशा बिऱ्हाडातली नसून गंजगोलाईच्या परिसरातल्या एका आडत्याच्या घरची आहे. खाली दुकान, वर घर. संगणक वर, पण त्यावर हिशेब खालचा. विनामूल्य अँटिव्हायरसची सनद केवळ घरगुती वापरापुरती असते, दुकानाला चालत नाही. तेव्हा जिन्याच्या कितव्या पायरीपासून घर सुरू होते हा पेच मी स्वतःशीच बराच वेळ घोळवला आणि आपल्या सोयीने सोडवला. मायक्रोसॉफ्टने आपला विनामूल्य सिक्युरिटी एसेन्शियल्स लहान व्यवसायांना १० संगणकांपर्यंत खुला केला तो त्याच वर्षी ऑक्टोबरात. पण माझा पेच त्याआधीचा.

त्या संगणकावर गावातल्याच एका तरुणाने फॉक्सप्रोत लिहून दिलेला आडतीचा कार्यक्रम होता. शेतकऱ्याची पट्टी, हमाली, तोलाई, उचल, सारे त्यात. मी जाऊन पाहिले तो सॅलिटी नावाच्या विषाणूने घरटे केलेले. हा विषाणू स्वतंत्र फाइल होऊन राहत नाही; तो चांगल्या कार्यक्रमांच्या फाइलींमध्ये शिरून त्यांच्याच अंगात वस्ती करतो. सापडलेल्या फाइलीचे काय करावे, याला अँटिव्हायरसमध्ये तीन पर्याय असतात: दुरुस्त करावी, कोठडीत ठेवावी, की नष्ट करावी. मी, प्रश्न विचारू न देण्याच्या माझ्या नव्या बाण्याप्रमाणे, नष्ट करण्याचा पर्याय कायमचा निवडला, विंडोज सुरू होण्याआधीची संपूर्ण तपासणी लावून दिली आणि घरी निघून आलो. ती तपासणी निळ्या पडद्यावर रात्रभर चालली. सकाळी विषाणू एकही उरला नव्हता आणि आडतीचा कार्यक्रमही उरला नव्हता. दिवाळी दहा दिवसांवर, सोयाबीनची आवक ऐन भरात, आणि तो कार्यक्रम लिहिणारा तरुण नोकरीसाठी गाव सोडून गेलेला.

हिशेबाची मूळ कोष्टके शाबूत होती. विषाणूला त्यांच्यात रस नव्हता. मी ती एक्सेलमध्ये उघडली. आकडे दिसले, पण शेतकऱ्यांची नावे सगळी चित्रविचित्र रोमन अक्षरांत, कारण ती जुन्या मराठी फाँटात टंकलेली. योग्य तो फाँट लावला तेव्हा एकेक नाव, चिखलातून बियाणे वर यावे तसे, वाचता येऊ लागले. तीन रात्री मी त्या घरी बसलो. तिसऱ्या रात्री, मी कोष्टके जुळवीत असताना, त्या पेढीचे वृद्ध मुनीमजी जिना चढून आले आणि त्यांनी कपड्यात बांधलेले दोन जाडजूड चोपडे माझ्यापुढे ठेवले. वर्षापूर्वी शेठजींच्या चिरंजीवांनी वही बंद करण्याचा हुकूम दिला होता. मुनीमजींनी तो हुकूम ऐकून घेतला होता आणि रोजकीर्द व खतावणी पूर्ववत चालू ठेवली होती, कोणाला न सांगता. ‘मशिनीचा इस्वास नव्हता असं नाही,’ ते म्हणाले, ‘पण मला कोणी इचारलंच नव्हतं.’ शेठजी हसले, चिरंजीव हसले नाहीत, आणि मी तर मान वर करण्याच्या स्थितीत नव्हतो.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये मॅकॅफीच्या एका सदोष अद्यतनाने विंडोजचीच ‘एसव्हीसीहोस्ट’ ही अत्यावश्यक फाइल विषाणू समजून काढून टाकली होती आणि जगभरच्या कचेऱ्यांतले संगणक एका दिवसात बंद पडले होते, हे वाचून माझ्या मनाचे थोडे समाधान झाले. पण ते समाधान खोटे आहे हेही मला ठाऊक होते. त्यांची चूक ओळखण्यातली होती. माझी निवाड्यातली.

तेव्हापासून मी कोणत्याही संगणकावर नष्ट करण्याचा पर्याय ठेवला नाही. आधी दुरुस्ती, ती न जमल्यास कोठडी, हाच क्रम. अवास्टमध्ये त्या कोठडीला पेटी म्हणत. मी आपला तिला हवालात म्हणतो. हवालातीतली फाइल कोणाला अपाय करू शकत नाही, तिची चौकशी सवडीने करता येते, निर्दोष ठरल्यास तिला मूळ जागी परत पाठवता येते, आणि पुन्हा धरपकड होऊ नये म्हणून तिच्या नावाचा परवानाही लिहून ठेवता येतो. हा परवाना देताना अनेक जण आळसाने अख्खे पाकीट, किंबहुना अख्खी ‘डी’ ड्राइव्हच मोकळी सोडतात. असे परवाने मी कित्येक घरांत रद्द केले आहेत. एकाच संगणकावर दोन अँटिव्हायरस बसवण्याचा मोहही असाच. २५६ एमबी स्मरणशक्तीच्या यंत्रावर एक एव्हीजी व एक अविरा असे दोघे एकमेकांच्या मागे लागलेले मी पाहिले आहेत, आणि त्या घरच्या माणसांना वाटत होते की पहारा दुप्पट झाला.

औसा रस्त्याला राहणाऱ्या एका सेवानिवृत्त गुरुजींकडे मी २०१२ साली प्रथम गेलो. त्यांची कन्या परदेशी, तिची पत्रे व छायाचित्रे संगणकावर, म्हणून त्या यंत्राविषयी त्यांना विलक्षण आस्था. मी सारी मांडणी करून निघालो तेव्हा त्यांनी मला दारात थांबवले. ‘तुमचा हा पहारेकरी जागा आहे की झोपलाय, हे मला कसं कळावं?’ इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता. याचे उत्तर आहे. आयकार या युरोपीय संस्थेच्या नावाने ओळखली जाणारी ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ आहे. ती जशीच्या तशी साध्या फाइलीत लिहून जतन केली की कोणत्याही सचोटीच्या अँटिव्हायरसने तिला विषाणू समजून पकडावे, असा या क्षेत्रात सर्वमान्य संकेत आहे. मी ती ओळ कागदावर लिहून दिली. गुरुजींनी चष्मा बदलला, आणि शुद्धलेखन तपासावे तशा एकाग्रतेने एकेक अक्षर टंकले. दोनदा चुकले, पहारेकरी स्वस्थ राहिला. तिसऱ्या खेपेस जतन करताच कोपऱ्यात लाल चौकट उमटली. गुरुजींनी टाळी दिली नाही, नुसती मान हलवली, वर्गात बरोबर उत्तर आल्यावर हलवतात तशी.

त्यांच्याकडे मी प्रश्न बंद केले नाहीत. त्यांनीच करू दिले नाहीत. ‘विचारू द्या त्याला,’ ते म्हणाले, आणि कपाटातून एक कोरी वही काढून तिच्यात आवक-जावक नोंदवहीसारखे चार रकाने आखले: तारीख, प्रश्न, दिलेले उत्तर, आणि चौथा, ‘कोणाच्या सांगण्यावरून’. प्रश्नातले इंग्रजी ते देवनागरीत उतरवून घेत, शब्दकोशात पाहून खाली अर्थ लिहीत, आणि तरीही नडले तर मला फोन करीत. पहिल्या वर्षी चौथ्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘सर’ असे होते, म्हणजे मी. पुढे पुढे ‘स्वतः’ हा शब्द वाढत गेला. एखाद्या नोंदीपुढे तांबड्या शाईने ‘चूक’ असा शेराही असे. एकदा त्यांनी दुसऱ्याच कसल्या तरी कार्यक्रमाबरोबर आलेल्या एका न्याहाळकाला अनवधानाने परवानगी दिली होती, त्याचा.

दरम्यान माझा व्यवसाय आपोआप आटत चालला. विंडोज एक्सपीचा सांभाळ मायक्रोसॉफ्टने २०१४ च्या एप्रिलात थांबवला. विंडोज ८ पासून डिफेंडर हा पहारेकरी घराबरोबरच मिळू लागला आणि दहाव्या आवृत्तीपर्यंत तो चांगला तयार झाला. २०१७ च्या मेमध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभर फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली, तेव्हा माझे दोन दिवस नुसते फोन घेण्यात गेले. ज्या भगदाडातून तो शिरत होता ते बुजवणारे अद्यतन मार्चमध्येच आले होते. मात्र नकली विंडोज वापरणारे घर असली अद्यतने भीतीने बंद ठेवते. इथे एक कबुली दिली पाहिजे. त्यांतल्या काही घरांत ते नकली विंडोज, पूर्वीच्या काळात, मीच टाकलेले होते, आणि वर मोठ्या निष्ठेने अस्सल अँटिव्हायरस बसवला होता. अवैध घराला वैध कुलूप.

आता अँटिव्हायरस बसवायला मला क्वचितच कोणी बोलावते. मीही, वेगळे कारण नसेल तर, डिफेंडर पुरे आहे म्हणून सांगतो. महत्त्वाच्या पाकिटांवर अनोळखी कार्यक्रमांना हात लावू न देण्याची त्यातली सोय तेवढी चालू करून देतो, आणि ती चालू केल्यावर आपलाच एखादा कार्यक्रम अडला तर घाबरू नका, असे दोनदा बजावतो.

२०२० च्या जानेवारीत बातमी आली की अवास्ट आपल्या वापरकर्त्यांच्या जाळ्यावरील संचाराची माहिती जंपशॉट नावाच्या उपकंपनीमार्फत विकत होता. महिना संपण्यापूर्वी कंपनीने जंपशॉट बंद केली. पुढे २०२४ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने या प्रकरणी १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्यास लावले. जानेवारीतली ती पहिली बातमी वाचली त्या दिवशी मी ते जुने हजेरीपत्रक काढून बसलो. त्यातल्या किती घरांत अजून तोच संगणक असेल, किती पत्ते बदलले असतील, याचा काही अंदाज नव्हता. तरी ज्यांचे फोन लागले त्यांना, पहारेकरी कोणत्याही कंपनीचा असो, माहिती पुरवण्याविषयीच्या मांडण्या तपासून बंद करायला सांगत गेलो. अशा तऱ्हेच्या परवानग्या त्या काळी अनेक विनामूल्य कार्यक्रम मागत होते. बहुतेकांना मी काय बोलतो आहे हेच समजेना. तरोड्याच्या काकूंचा संगणक कधीच भंगारात गेला होता. त्यांनी माझी खुशाली विचारली आणि मुलगा पुण्याला असल्याचे सांगितले.

गुरुजींच्या संगणकावर त्या वेळी कोणता पहारेकरी होता ते इथे सांगण्याचे प्रयोजन नाही. मी त्यांना विषय सांगितला. ‘थांबा, वही आणतो,’ म्हणाले. पाने उलटल्याचा आवाज मला बराच वेळ ऐकू येत होता. मग त्यांनी वाचून दाखवले: २०१९ चा ऑक्टोबर, प्रश्न, ‘आपल्या वापराविषयी काही माहिती आम्हास देण्यास हरकत आहे काय’, उत्तर, ‘हरकत नाही’. आणि ते थांबले.

‘चौथा रकाना वाचा की, गुरुजी,’ मी म्हणालो.

‘राहू द्या.’

मला आठवले. त्या दिवशी मी चाकूरच्या स्थानकावर एसटीची वाट पाहत उभा होतो, फोनवर नीट ऐकू येत नव्हते, आणि मी ‘चालतंय, हो म्हणा’ असे म्हणून फोन ठेवला होता.

मी त्यांना ती मांडणी कुठे सापडेल ते पायरीपायरीने सांगितले. त्यांनी ती शोधली, खूण काढली, माझ्याकडून दोनदा खात्री करून घेतली, आणि नोंद करण्यासाठी लेखणी उघडली असावी, कारण मला टोपणाचा आवाज आला.

‘सर,’ ते म्हणाले, ‘आता चौथ्या रकान्यात कोणाचं नाव घालू?’